मायणी-येरळवाडीचे रोहित आणि पाण्याची पातळी

साताऱ्याच्या खटाव तालुक्यात आणि आसपास हिवाळा लागला की एक प्रश्न हमखास निघतो: यंदा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आले का? विट्याच्या एसटी स्टँडवर निघतो, वडूजच्या बाजारात निघतो, मायणीच्या चहाच्या टपरीवर तर निघतोच. कधी उत्तर येतं, "आलेत की येरळवाडीला." कधी, "सूर्याचीवाडीला उतरले हुते, गेले." आणि कधी समोरचा नुसती मान हलवतो. न येण्याची कारणंही पाठ झालेली आहेत: ड्रोन उडवणारी पोरं, मासेमारीची जाळी, गाड्यांची वर्दळ, बदललेलं हवामान. यातलं प्रत्येक कारण थोडंफार खरं आहे. पण हे प्रकरण नीट सोडवत गेलं की सगळे धागे एकाच ठिकाणी येऊन थांबतात. डिसेंबर ते मार्च या काळात तलावात किती पाणी आहे, यावर बाकी सगळं ठरतं. इथं कायद्याचं संरक्षण जागेला मिळालं. त्या जागेला पक्ष्यांच्या कामाची बनवणारं पाणी मात्र त्या संरक्षणाबाहेर राहिलं.

तलावांचा मुलूख

साताऱ्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणारं. पूर्वेला माण-खटाव, जिथं पाचशेच्या घरात पाऊस झाला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. येरळा याच खटावात उगम पावते, येरळवाडीच्या धरणात अडते आणि पुढं सांगली जिल्ह्यात शिरून ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. मायणीचा तलाव ब्रिटिश काळातला. दुष्काळी भागाला पाणी मिळावं म्हणून तो बांधला, आणि बांधणाऱ्यांच्या मनातही नसेल असे पाहुणे त्यावर उतरू लागले. त्यात रोहित सर्वांत ठळक. पण पट्टकदंब हंस, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, करकोचे, चमचे, चित्रबलाक हीसुद्धा या पाण्यावरची नेहमीची मंडळी.

या भागातले तलाव उथळ आहेत, हीच त्यांची खरी दौलत. सह्याद्रीतलं धरण दरीत असतं. पाणी वीस फूट उतरलं तरी काठ फारसा हलत नाही, फक्त खडकाची पट्टी उघडी पडते. खटावातला तलाव मात्र शेतासारख्या सपाट उतारावर पसरलेला असतो. पाणी हातभर उतरलं की काठ कितीतरी पावलं मागं सरतो, आणि मधे राहतो नुसता ओला, मऊ, किड्यांनी भरलेला चिखल. रोहित येतात ते या चिखलासाठी.

मायणीला लोक पूर्वीपासून पक्षी अभयारण्य म्हणत आले. कायद्याचं पक्कं छत्र मिळालं 2021 मध्ये. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी अशा पाणवठ्यांचा समूह मिळून संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, साडेआठ चौरस किलोमीटरच्या आसपास. एकट्या तलावाऐवजी समूह घेतला, हा या निर्णयातला सर्वांत शहाणा भाग. त्याचा पुरेपूर उपयोग अजून व्हायचा आहे, आणि त्यावरच पुढं सविस्तर लिहितो.

चिखलावरच्या चकत्या

रोहित काय खातो हे पाहायचं असेल तर तो उडून गेल्यावर पाहावं. पाणी अजून थोडं उतरलं की काठच्या चिखलात परातीएवढ्या गोल चकत्या दिसतात, मधे उंचवटा आणि भोवती खोलगट कडं. एका जागी उभं राहून, पायांनी चिखल तुडवत, मान उलटी पाण्यात घालून तो स्वतःभोवती गोल फिरतो. तुडवल्यानं चिखलातल्या अळ्या, बारीक शंख-शिंपले, झिंग्यांसारखे जीव वर येतात, आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून पाणी बाहेर टाकून तो ते गाळून खातो. एका चकतीजवळ बसून बोटानं चिखल उकरला की दोन-तीन लालसर अळ्या वळवळताना सापडतात. रोहिताच्या पंखांना गुलाबी झाक येते ती असल्याच खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे.

हे सगळं होतं ते माणसाच्या गुडघ्याइतक्या किंवा त्याहून कमी पाण्यात. शेकाट्या, चिखल्या, तुतारी यांना तर चार बोटं पाणी पुरतं, नुसता ओला चिखलही चालतो. थापट्या आणि तलवार बदकं वितभर-हातभर पाण्यात चरतात. खोल पाण्यावर राहतात पाणकावळे, बुडी मारणारी बदकं आणि वारकरी नावाच्या पाणपक्ष्यांचे काळे थवे. तलाव काठोकाठ भरलेला असला तर डोळ्यांना सुंदर दिसतो, फोटो चांगला येतो, पण रोहिताच्या दृष्टीनं त्यात जेवण नसतं. तलाव पूर्ण आटला तरीही नसतं. मधल्या अवस्थेत, पाणी हळूहळू मागं सरत असताना, रोज नवी पट्टी उघडी पडत जाते. हिवाळ्याचे तीन-चार महिने ते याच सरकत्या पट्टीवर काढतात.

आता पूर्वी काय व्हायचं ते पाहा. पावसाळ्यात तलाव जमेल तेवढा भरायचा. ऑक्टोबरनंतर रब्बीची आवर्तनं, म्हणजे पिकांसाठी ठरवून सोडलेल्या पाण्याच्या पाळ्या, सुटायची, पाणी उतरायला लागायचं. नोव्हेंबर-डिसेंबरात, रोहित कच्छच्या बाजूनं खाली सरकतात त्याच सुमारास, इथला चिखल उघडा पडायचा. कुणी ठरवून केलेलं नव्हतं हे. शेतकऱ्याच्या ज्वारी-हरभऱ्याला पाणी दिलं जायचं आणि त्यातून पक्ष्यांचं ताट वाढलं जायचं.

खाडीत हेच काम कोण करतं

महाराष्ट्रात रोहितांचं मोठं ठिकाण म्हणजे ठाण्याची खाडी. तिथं 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि 2022 मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. कांदळवनांसाठी राज्याचा वेगळा कक्ष 2012 पासून आहे. किनाऱ्यावरची माणसं तिवरांच्या बेटांसाठी झगडली ते रास्तच होतं, कारण बगळे, ढोकरी, पाणकावळे तिथं रात्र काढतात आणि घरटी करतात. पण रोहित तिवरांत शिरत नाही. तो चरतो तिवरांच्या पुढच्या उघड्या दलदलीवर, आणि ती दलदल दिवसातून दोनदा ओहोटी उघडी करते.

नवी मुंबईत नेरुळचा डीपीएस तलाव या बाबतीत शिकण्यासारखा आहे. तिथं भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा अडल्या, 2024 मध्ये तलाव सुकला, आणि रोहित भलतीकडे भटकून मेले. जागा होती तिथंच होती. पाण्याची ये-जा थांबली आणि जागा निकामी झाली. त्यानंतर तो तलाव संवर्धन राखीव करण्याच्या हालचाली झाल्या, वाटा मोकळ्या करण्याची मागणी सगळ्यांत आधी पुढं आली.

खाडीत जे काम चंद्र-सूर्य करतात ते खटावात रब्बीचं आवर्तन करतं, वर्षातून एकदा आणि फार सावकाश. फरक एवढाच की खाडीची ओहोटी कुणाच्या बैठकीत ठरत नाही. इथली ठरते. म्हणून इथलं प्रकरण किनाऱ्यापेक्षा अवघडही आहे आणि सोपंही. अवघड, कारण माणसांचे हितसंबंध त्यात गुंतलेत. सोपं, कारण चावी कुठल्या टेबलावर आहे ते माहीत आहे.

कऱ्हाडचं पाणी मायणीत

दरम्यान या मुलखात एक फार मोठा आणि फार चांगला बदल झाला. कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूजवळून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आटपाडी, खानापूर, सांगोल्यापर्यंत जाऊ लागलं, आणि मायणीच्या तलावातही ते सोडलं गेलं. तिकडे जिहे-कठापूर योजनेतून नेरच्या तलावात पाणी आलं आणि नेरच्या खालचं येरळेचं पात्र वाहू लागलं. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी चारा छावण्या आणि टँकरची रांग पाहिली, त्या घरांत याचं मोल काय आहे हे बाहेरच्या पक्षीप्रेमींनी आधी समजून घ्यावं. या पाण्याविरुद्ध बोलायला इथं कुणीही उभं राहू नये. मीही राहणार नाही.

पण पाणी कधी येतं आणि किती येतं, हे बोलायलाच हवं. उपसा योजनेचं पाणी पावसाच्या वेळापत्रकानं येत नाही. पंप सुरू झाले की येतं. जानेवारीत चिखलाची पट्टी छान उघडी पडली असताना वरून पाणी सुटलं तर दोन आठवड्यांत ती बुडते आणि थवा उठतो. एप्रिल-मेमध्ये सुटलं तर दुसरीच हानी होते. पाणी उतरल्यावर तलावात जे उंचवटे बेटासारखे वर येतात, त्यांवर नदी सुरय, टिटव्या, शेकाटे उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. चहूबाजूंनी पाणी असल्यानं कुत्री-कोल्ह्यांपासून ती बेटं सुरक्षित असतात, म्हणून तर निवडलेली असतात. नदी सुरय आता जागतिक पातळीवर धोक्यातल्या पक्ष्यांत गणला जातो. ऐन उन्हाळ्यात पातळी हातभर जरी चढली तरी ते बेट आणि त्यावरची अख्खी वीण पाण्याखाली जाते.

टिटवीनं तलावाच्या पोटात अंडी घातली तर पाऊस लांबणार, असं जुनी माणसं सांगतात. टिटवी पाण्याचा अंदाज कसा घेते कुणास ठाऊक, पण कऱ्हाडच्या पंपांचा अंदाज तिला येणं शक्य नाही.

काठावरचे लोक

काठावरच्या एका गावातल्या तात्यांशी या विषयावर पुष्कळ बोलणं झालं. त्यांची मोटार तलावात आहे, पाणी उतरलं की पाइप पुढं ओढत न्यावा लागतो. ते म्हणाले, "सर, पाखरं माझ्या आज्याच्या टायमापासनं येत्यात. त्यांच्याशी माझं वाकडं न्हाई. पर तुमचा बोर्ड लागला की दुसऱ्या दिवशी मला मोटार काढा म्हणतील, त्याचं काय?"

हा प्रश्न टाळून चालणार नाही. संवर्धन राखीव हा प्रकार वन्यजीव संरक्षण कायद्यात 2003 च्या दुरुस्तीनं आला, कलम 36 अ. तो फक्त सरकारी मालकीच्या जागेवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करूनच जाहीर करता येतो. अभयारण्यासारखी हक्कांची चौकशी करून ते संपवण्याची तरतूद त्यात नाही. खाजगी जमीन त्यात येत नाही. आग लावणं, विषारी किंवा स्फोटक पदार्थ वापरणं यांवर मात्र बंदी येते. तात्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग हे आधी का न्हाई सांगितलं कुणी?" त्यांचं बरोबर आहे. जाहीर झालेल्या गोष्टीचा अर्थ ग्रामसभेत मराठीत, प्रश्न विचारू देऊन सांगितला गेला असता तर निम्मा संशय तिथंच मिटला असता.

गाळपेर हा त्यापेक्षा नाजूक विषय. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन एक हंगामासाठी कसायला देण्याची जुनी पद्धत आहे. हरभरा, ज्वारी, कलिंगड येतं, खताची फारशी गरज नसते. ज्या पट्टीवर गाळपेर, त्याच पट्टीवर रोहित. इथं टक्कर खरी आहे, ती गोड शब्दांनी झाकता येत नाही. माझ्या मते सरसकट बंदी चूक ठरेल. काठाची काही लांबी, विशेषतः ओढा तलावात शिरतो ती बाजू, गाळपेरीतून वगळावी. तिथं उतार सर्वांत सपाट आणि गाळ सर्वांत मऊ असतो. ज्यांचा तुकडा त्यात जातो त्यांना दुसऱ्या बाजूला अग्रक्रमानं द्यावा. आणि गाळपेरीत कीटकनाशकाची फवारणी नको, कारण ते उद्या थेट पाण्यातच जाणार आहे.

मासेमारीच्या ठेक्याबद्दल थोडक्यात: जाळी रात्रभर उथळ बाजूला न लावण्याची अट ठेवली तरी पुष्कळ झालं. रोहित रात्री प्रवास करतात, अंधारात उतरतात.

गाळ काढण्याच्या कामावर मात्र लक्ष ठेवायला हवं. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे, शेतकऱ्याला सुपीक गाळ मिळतो, तलावाची साठवण वाढते. पण पोकलेन काठाशीच लावला आणि उभा कडा पाडला, तर उथळ उतार कायमचा जातो. एका हंगामात गेलेला उतार पुन्हा तयार व्हायला गाळाच्या कित्येक वर्षांची वाट पाहावी लागते. खोदायचं ते मध्यभागी, काठचा सपाट उतार तसाच ठेवून. खोदताना दोन-चार उंचवटे मुद्दाम राखले तर उन्हाळ्यातली बेटं आयती मिळतात. याला जादा पैसा लागत नाही, अंदाजपत्रकात एक ओळ लागते.

फोटो काढणाऱ्यांना हात जोडून एकच विनंती. उडता थवा फ्रेममध्ये यावा म्हणून चिखलात चालत जाऊन पक्षी उठवू नका. रोहिताला धावत उठावं लागतं, त्यात त्याची ताकद जाते, आणि दिवसात चार वेळा असं झालं की तो तलाव सोडून जातो.

ज्या टेबलावर पक्ष्यांची खुर्ची नाही

संवर्धन राखीवासाठी व्यवस्थापन समिती असते, कलम 36 ब. त्यात कोण असावं हे कायद्यानंच सांगितलंय: वन विभागाचा प्रतिनिधी सदस्य सचिव म्हणून, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तीन, शिवाय कृषी आणि पशुसंवर्धन विभागाचे एकेक. ही यादी जंगलाचा विचार करून केलेली आहे. त्यात जलसंपदा विभागाचं नाव नाही. मायणी-येरळवाडीसारख्या ठिकाणी, जिथं अख्खा अधिवास म्हणजेच पाण्याची पातळी, तिथं ही उणीव मुळावर येते.

आवर्तन ठरतं कालवा सल्लागार समितीत. पालकमंत्री, आमदार, अभियंते, लाभक्षेत्रातले प्रतिनिधी बसतात, रब्बीचं आणि उन्हाळ्याचं पाणी वाटलं जातं. तिथं राखीव क्षेत्राच्या वतीनं बोलणारं कुणी नसतं. म्हणजे एका समितीकडे पक्षी आहेत आणि पाणी नाही, दुसरीकडे पाणी आहे आणि पक्षी नाहीत.

पाणथळ जागांचे 2017 चे केंद्रीय नियमही इथं उपयोगाला येत नाहीत, कारण सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय त्यांच्या व्याख्येतून वगळलेत. पण सिंचनाचा जलाशय पक्ष्यांसाठी चालवता येत नाही, असं कुणी म्हणू नये. गोदावरीवरचं नांदूर मधमेश्वर हा सिंचनाचाच बंधारा, आणि राज्याचं पहिलं रामसर स्थळही तेच.

समूहाचा उपयोग

आता समूहाकडे येतो. रोहित एका तलावाला बांधलेले नसतात. मायणीत पाणी खोल असेल तर येरळवाडी, तिथं जमलं नाही तर सूर्याचीवाडी, असे ते थोड्याच वेळात जातात. म्हणून सगळेच तलाव सगळा हिवाळा उथळ ठेवायची गरज नाही. गरज एवढीच, की नोव्हेंबर ते मार्चमध्ये समूहातला किमान एक तलाव उतरत्या पातळीवर असावा, आणि एकाचं उतरणं संपत आलं की दुसऱ्याचं सुरू व्हावं. उपसा योजनेमुळे आज हे पूर्वीपेक्षा सोपं आहे. पावसाच्या भरवशावर सगळे तलाव एकदम भरायचे आणि एकदम आटायचे. आता कोणता तलाव कधी भरायचा हे माणसाच्या हातात आहे. ज्या योजनेनं जुना क्रम मोडला तिच्याच पंपांनी नवा क्रम घालून देता येतो.

शेतीचं पाणी यात कापलं जात नाही. तेवढंच पाणी, फक्त कोणत्या महिन्यात कोणत्या तलावात, एवढा हिशेब बदलतो. उन्हाळ्यात भरायचंच असेल तर वीण संपेपर्यंत बेटं बुडणार नाहीत इतकीच पातळी ठेवायची, किंवा एक तलाव त्या वर्षापुरता सोडून द्यायचा.

याच येरळेवर, खाली खानापूर तालुक्यात, बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी 1980 च्या दशकात बळीराजा धरण उभं केलं. नदीतली वाळू ठेकेदारानं ओरबाडू नये म्हणून भांडले, मर्यादित वाळू विकून धरणाला पैसा उभा केला, आणि पाणी जमिनीच्या आकारावर न वाटता सगळ्यांना वाटा मिळेल असं ठरवलं. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क आहे, हे या नदीच्या काठानं तेव्हा मान्य केलं. त्या वाट्यात पाखरांचा एक हिस्सा मागायला या नदीच्या लोकांपुढे मला संकोच वाटत नाही. उलट, इतर कुठल्याही नदीपेक्षा इथं ही मागणी लवकर समजेल, अशी माझी खात्री आहे.

मागणी मोठी नाही. जलसंपदा विभागाच्या उपविभागीय अभियंत्यांना व्यवस्थापन समितीत कायम निमंत्रित करावं आणि राखीव क्षेत्राच्या वतीनं एकाला कालवा सल्लागार समितीत बसू द्यावं. रब्बीच्या बैठकीपूर्वी तिन्ही तलावांसाठी महिनावार पातळीचा एक पानी तक्ता मांडावा. तो तक्ता हवेत करता येणार नाही, त्यासाठी मागच्या वर्षांची पातळी आणि त्या वर्षांतल्या पक्ष्यांच्या नोंदी शेजारी ठेवाव्या लागतील. जलाशयाच्या पातळीची नोंद जलसंपदा विभागाच्या शाखेत असते, माहितीच्या अधिकारात मागता येते. पक्ष्यांच्या तारखा विटा, मायणी, वडूज, कऱ्हाडमधल्या निरीक्षकांच्या वह्यांत आणि मोबाइलमध्ये विखुरलेल्या आहेत. ज्यांच्याकडे अशा नोंदी असतील त्यांनी तलावाचं नाव, तारीख, अंदाजे संख्या आणि पक्षी कोणत्या काठाला होते एवढं लिहून काढावं. जुने फोटोही चालतील, त्यात पाणी कुठवर होतं ते दिसतं. रब्बीची बैठक ऑक्टोबरच्या आसपास होते, म्हणजे हे सगळं गणपतीच्या आत जमवायला हवं.